हबीबभाईंची शुक्रवारची बादली

हबीबभाईंनी उभ्या जन्मात मुंगीसुद्धा जाणूनबुजून मारली नसेल, आणि सगळा घोळ झाला तो नेमका त्यामुळंच.

एकोणनव्वद साली त्यांनी भद्रकालीत रंगीत माशांचं दुकान टाकलं. पुढं वास्तुशास्त्राचं खूळ आलं आणि नाशकात ज्याच्या-त्याच्या दिवाणखान्यात काचेची टाकी दिसू लागली. टाकी घासायचा कंटाळा कुणाला नसतो? म्हणून हबीबभाई सोबत एक काळा सकर मासा द्यायचे. बोटाएवढा तो जीव काचेला तोंड लावून शेवाळ खात राहायचा. गिऱ्हाईक खूश. दोन वर्षांत तोच हातभर वाढायचा, टाकीत मावेनासा व्हायचा आणि गिऱ्हाईक त्याला पिशवीत घालून दुकानात हजर. "भाई, मारवत नाही हो. तुम्हीच बघा काय ते."

मारवत हबीबभाईंनाही नव्हतं. दर शुक्रवारी नमाज झाली की परत आलेले मासे बादलीत घेऊन ते गोदावरीवर जायचे आणि बिस्मिल्ला म्हणून सोडून द्यायचे. नाशिककर नदीला गंगाच म्हणतात. जीव सोडवला म्हणून काठावरच्या बायाबापड्याही हात जोडायच्या. बारा वर्षं हा नेम चुकला नाही. अहो, एवढ्या नेमानं लोक औषधंही घेत नाहीत.

नदीच्या खालच्या अंगाला, सायखेड्यात, त्यांचा जुना दोस्त कोंडाजी जाळं टाकायचा. दर बुधवारी वांब, मरळ घेऊन तो नाशिकच्या बाजाराला यायचा आणि पहिला वाटा हबीबभाईंना द्यायचा. दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात तो रिकामी पाटी घेऊन आला. फाटकं जाळं त्यानं दुकानात पसरलं. त्यात एक काळा, खरबरीत मासा काट्यांनी अडकला होता.

"भाई, आता जाळ्यात हेच येतंय. कुणी खात नाय, कुणी घेत नाय, वर जाळी फाडतंय. दगडाला चिकटलेली अंडी बी साफ करतंय. आपली मासळी लय कमी झाली." मग टाकीकडं बघत तो म्हणाला, "तुमच्या काचेतल्यावाणीच दिसतंय."

हबीबभाईंची नजर कोपऱ्यातल्या बादलीवर गेली. "सोडला असेल कुणीतरी," ते म्हणाले.

त्या दिवसापासून बादली बंद. सकर विकणंही बंद. दुकानाच्या मागं हौद बांधला आणि दारावर पाटी लावली, मासा नको झाला तर इथं आणून द्या, नदीत सोडू नका. शाळा झाल्या, मंडळं झाली, घाटावर उभं राहूनही बोलून झालं. लोक वाद घालायचे. पुण्यकर्मात हा कसला खोडा? आपणही तीन महिन्यांपूर्वी हेच म्हणालो असतो, हे हबीबभाईंना कळत होतं. तरी प्रत्येक ठिकाणी ते "लोक सोडतात" असंच म्हणायचे. स्वतःच्या बादलीचं नाव कधी ओठांवर आलं नाही. खरं कळलं तर कोंडाजी तुटेल, ही एकच धास्ती.

आणि कोंडाजी तरी कसला भोळा. आपलं फाटकं जाळं दाखवायला तो शेजारी उभा राहायचा आणि सगळ्यांना सांगायचा, आमचे भाई नदीसाठी वणवण करतात. ते ऐकताना हबीबभाईंना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

तीन वर्षांनी कोंडाजीनं होडी मोडीत काढली आणि तो कांद्याच्या खळ्यावर मजुरीला जाऊ लागला. त्याच आठवड्यात सायखेड्याच्या शाळेत कार्यक्रम होता. कोंडाजी खाडा करून आला. त्याला शेजारी बघून हबीबभाईंनी नेहमीचं वाक्य अर्ध्यावर सोडलं. "लोक सोडतात, हे मी खोटं सांगत आलो," ते म्हणाले. "मी सोडले. बारा वर्षं, दर शुक्रवारी."

बाहेर आल्यावर कोंडाजीनं फाटकं जाळं खांद्यावर टाकलं. हबीबभाईंनी माफी मागितली, तेव्हा त्यानं मान हलवली.

"मारायचं जिवावर आलं, ते समजलं," तो म्हणाला. "पण भाई, दर बुधवारी मी तुमच्या दारात येत होतो. गंगेत हे सोडू का, म्हून एकदा तरी मला इचारायचं."