काला अंबला मोठ्यांनी येऊ नये

वसुधाताईंची आणि माझी पहिली भेट दिल्लीतल्या आमच्या सरकारी क्वार्टरच्या दारात झाली, आणि ती भेट म्हणजे बाबांचं आणि त्यांचं सरळ भांडण होतं. मी पंधरा वर्षांची होते. दुधाच्या बूथपलीकडे एकटीने जायची मला परवानगी नव्हती. ताई तेव्हा सचिवालयात नोकरीला होत्या आणि आमच्या मराठी मंडळाचा किशोर वर्ग चालवत होत्या. संक्रांतीला वर्गातली मुलं पानिपतला, लढाईच्या जागी जो स्मारकाचा खांब आहे त्या काला अंबला जात. ताईंचा नियम एकच, सोबत मोठं माणूस नसेल. त्या स्वतः पहाटे पुढे जाऊन तिथे थांबत आणि मुलांनी मागून आपलं आपण यायचं. मुलीची जबाबदारी कोण घेणार, असं बाबांनी विचारलं. तीच घेईल, असं ताई म्हणाल्या. बराच वाद घालून बाबांनी शेवटी होकार दिला.

आम्ही चौघी निघालो. तिथे पोवाडा कोणी म्हणायचा यावरून आगगाडीच्या डब्यात अशी जुंपली की पानिपत मागे पडलं आणि आम्ही थेट कर्नालला उतरलो. रडलो, एकमेकींना दोष दिला, मग विचारत विचारत रोडवेजची बस पकडून परत आलो. ताई खांबापाशी बसून होत्या. सकाळपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं. त्या रागावल्या नाहीत, पण हातावर तिळगूळ ठेवताना त्यांची बोटं थरथरत होती. दुसऱ्या दिवशी बाबा त्यांच्यावर बरसले. ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मुली चुकल्या आणि आपल्या पायांनी परत आल्या. आता मला त्यांची काळजी जरा कमी वाटेल."

बसमध्ये कोणी अंगचटीला आलं तर मान खाली घालायची नाही, ओरडायचं, हेही ताईंनीच शिकवलं. गच्चीवर आमच्याकडून त्याचा सराव करून घेतला, तेव्हा खालचे सरदारजी काठी घेऊन धावत वर आले होते. तेव्हाची दिल्ली काही भोळीभाबडी नव्हती, हे मी मुद्दाम सांगते आहे.

कारण पुढे माझा मुलगा निखिल याच वर्गातून पानिपतला गेला. मी त्याला अडवलं नाही. आज तो नोएडाला एका न्यूज चॅनेलमध्ये आहे, मंडळाचा कार्यवाह आहे, आणि त्याच्याच समितीने गेल्या वर्षी ठराव केला की सहल एसी बसनेच जाईल, प्रत्येक मुलामागे एक पालक असेल आणि मोबाइलवर लोकेशन चालू राहील. ताईंनी नकार दिला आणि सहल बंद पडली. आता ताईंच्या पंच्याहत्तरीचा सत्कार आहे, आणि त्याच्या अंकासाठी संपादकांनी माझ्याकडून प्रसन्न लेख मागितला आहे. कसली प्रसन्नता? ज्यांना ताईंनी मोकळं सोडलं, तेच आता ताईंना शाल घालून गप्प बसवायला निघालेत, याची मला मनस्वी चीड आली आहे. माझी नात मुक्ता, निखिलची मुलगी, चौदा वर्षांची आहे. ती सोसायटीच्या गेटबाहेर पडली की बापाचा फोन वाजतो. रस्ता कुणाला विचारायचा झाला तर पोरीची जीभ अडखळते.

सत्काराच्या बैठकीत ताईंना विचारलं गेलं की भेट काय हवी. पंच्याहत्तर वर्षांच्या ताई काठी टेकत उभ्या राहिल्या. "मला मुलं हवीत. काला अंबला. एकटी." मग मागून मुक्ता म्हणाली, "मी येते ना, बिल्कुल येते." निखिल मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, बघू. त्या एका शब्दाचा मला इतका संताप आला की मी चहा न घेता उठून आले.

ताईंना उदंड आयुष्य मिळो. त्यांचे गुडघे निदान इतके धड राहोत की पहाटेची गाडी पकडून पुढे जाऊन बसता येईल, आणि तिळगूळ देताना त्यांची बोटं पुन्हा थरथरोत. आणि निखिल, शाल तूच घालणार आहेस असं कळलं. जरूर घाल. पण संक्रांतीला मुक्ताला स्टेशनच्या दारापर्यंत सोड, आणि तिथूनच मागे फीर.