कूलरमागचा डबा

पोरीला गांधीलमाशी चावली, असं सुनेनं मला सांगितलं आणि मी ते खरं मानलं. दिवस वैशाखाचे. आमच्या अमरावतीत उन्हाळ्यात गांधीलमाश्या कूलरच्या पाण्यावर येतातच. नातीचा डावा गाल सुजला होता, तोंडावर ओढणी धरून ती पलंगावर पडली होती. सकाळीच तिला जवळच्या दवाखान्यात नेऊन आणलं होतं, डॉक्टरनं सुजेच्या गोळ्या दिल्या होत्या. मी म्हटलं, पोळं शोधून जाळतो, नाही तर उद्या दुसऱ्या कोणाला चावतील.

काठीला चिंधी गुंडाळून मी भर दुपारी घर पालथं घातलं. छज्जा पाहिला, जिना पाहिला, टाकी पाहिली. पोळं कुठंच नाही. शेवटी कूलरमागं हात घातला, तर कूलरच्या जाळीतल्या गवताच्या आणि भिंतीच्या मधात एक डबा कोंबलेला. आत अर्धी रिकामी सिरिंज, दोन सुया, आणि एक कागद. त्यावर बाईच्या तोंडाचं चित्र, गालावर ठिपके. अक्षर ना मराठी, ना हिंदी. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण चित्र वाचायला शाळा लागत नाही.

डबा घेऊन मी तसाच आत गेलो.

"हे कोणं आणलं?"

सून रडायलाच लागली. "मामाजी, हळू बोला, शेजारी ऐकतीन."

"शेजाऱ्याची ऐशीतैशी! कोणं आणलं?"

"म्या," पलंगावरून नात म्हणाली. "फोनवरून मागवलं, आबा. व्हिडिओत पाहून टोचलं. आईनं आरसा धरला होता."

हे कशापायी, ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. मागच्या महिन्यात अकोल्याचे लोक तिला पाहायला आले होते. पोरगा नोकरीवाला. पोहे खाल्ले, चहा झाला, पसंती झाली, साक्षगंधाचा दिवसही ठरला. निघता निघता पोराची आई म्हणाली, "पोरगी चांगलीच आहे हो. गाल थोडे भरले असते तर फोटोत खुलली असती."

आमच्या घरात गाल बसलेले. माझ्या बापाचे तसे, माझे तसे. चांदूर बाजारहून संत्री भरून मी ट्रक न्यायचो, तेव्हा क्लीनर म्हणायचे, "उस्ताद, तुमच्या गालात एकेक संत्रं मावते." माझ्या पोराला हे गाल गेले नाहीत, नातीला बरोबर आले. त्या दिवशी मी पोराच्या आईला म्हटलंही होतं, "हे गाल माझे हायेत बाई, वापस घेऊ काय?" सगळे हसले. नात हसली नव्हती.

मी तिची ओढणी ओढली. सूज मी पुष्कळ पाहिली आहे. ही सूज नव्हती. नाकाच्या बाजूला कातडी पांढरी पडलेली, आणि तिच्या भोवती जांभळ्या रेषांचं जाळं, मासे धरायच्या जाळ्यासारखं.

"दुखते?"

"लय दुखून राहिलं, आबा. सकाळपासून वाढूनच राहिलं."

"डॉक्टरले सांगितलं सुई टोचली म्हणून?"

माझा पोरगा दारात येऊन उभा होता, तो म्हणाला, "बाबा, त्या दवाखान्यातली चिठ्ठ्या फाडणारी बाई अकोलेवाल्यांच्या नात्यातली हाय. सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत तिकडे फोन गेला असता. म्हणून माशी म्हटलं."

"बह्याडा! डॉक्टरनं माशीचं औषध दिलं ना मंग! आत माशी हाय काय?"

"दोन दिवसांत उतरते. तुम्ही मधात पडू नका."

"मी मधातच पडतो. ऑटो बोलाव."

तो हलला नाही. मी स्वतः रस्त्यावर जाऊन ऑटो थांबवला, पोरीला बसवलं आणि डबा मांडीवर घेतला. सून चपला हातात घेऊन मागं धावत आली. मी तिला चढ म्हटलं नाही, उतरही म्हटलं नाही.

कातडीच्या मोठ्या डॉक्टरणीकडे गेलो. वयानं माझ्या नातीहून थोडी मोठी असेल. दारातूनच मी ओरडलो, "माशी नाही चावली, हे टोचलं!" बाहेर बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं. ऐकू द्या.

डॉक्टरणीनं डबा पाहिला, गाल दाबून पाहिला आणि पहिल्यांदा काय केलं, तर पोरीचा उजवा डोळा झाकला. "माझी बोटं दिसतात? किती आहेत?"

तोवर मला वाटत होतं, गालाची गोष्ट आहे. डोळ्याचं नाव निघालं तशी मीही तिची बोटं मोजली.

"तीन," नात म्हणाली.

मग डॉक्टरणीनं समजावलं. गाल भरायचं औषध रक्ताच्या नळीत शिरलं होतं. नळी बुजली, कातडीला रक्त मिळेना, कातडी मरायला लागली. हेच औषध डोळ्याच्या नळीत चढलं असतं तर नजर गेली असती, आणि ती बहुतेक परत येत नाही. "शिकलेल्या डॉक्टरच्या हातूनही कधी कधी असं होतं," ती म्हणाली, "पण त्याला ते ओळखता येतं आणि लगेच उतारा देता येतो. तुम्ही सकाळी का नाही आलात?"

"लोक काय म्हणतीन म्हणून," सून म्हणाली.

"आता मी विरघळवायचं औषध टोचते. पण डब्यावर लिहिलंय तेच आत असेल, तरच विरघळेल. दुसरं काही भरलेलं असेल तर माझ्या हातात काही नाही."

म्हणजे ज्या चोरानं हे विकलं, तो डब्यापुरता तरी खरा निघावा, म्हणून आम्ही बसलो. माझ्या घरचे डॉक्टरशी खोटं बोलले आणि पोरीचा गाल एका चोराच्या खरेपणावर टांगला. या गोष्टीनं माझं डोकं आजही फिरतं. डॉक्टरणीनं पुन्हा पुन्हा टोचलं. नात माझं मनगट धरून होती, नखं रुतेपर्यंत.

नजर वाचली. गाल बराचसा वाचला. नाकाच्या बाजूला तेवढी कातडी काळी पडली, खपली धरली, आणि खपली निघाल्यावर बोटाच्या पेराएवढा खड्डा राहिला.

साक्षगंध पुढं ढकललं. माझा पोरगा अकोल्याला फोन करून पुन्हा माशीच सांगणार होता. मी म्हटलं, थांब. मी एसटीनं अकोल्याला गेलो आणि त्यांच्या टेबलावर डबा ठेवला. सगळं सांगितलं.

पोराची आई म्हणाली, "अव्वा! आम्ही कुठं म्हटलं टोचून घे म्हणून?"

"नाही म्हटलं. तुम्ही फक्त गाल भरायचं म्हटलं."

तो नोकरीवाला पोरगा तिथंच बसला होता. फोनमध्ये पाहत होता. बाईनं चहा आणला, मी त्याला शिवलो नाही. निघताना ती म्हणाली, "डाग जाऊ द्या, मग पाहू."

घरी आलो तर नात दारातच. "काय म्हणे, आबा?"

मी जसंच्या तसं सांगितलं. तिनं माझ्यासमोरच फोन लावला. "काकू, डॉक्टर म्हणतात डाग पूर्ण जाणार नाही. तुम्ही वाट पाहू नका." फोन ठेवला आणि आईला म्हणाली, "आबांले चहा दे, त्यांनी तिथं घेतला नसन."

सून डबा फेकायला निघाली होती, मी हिसकून घेतला. माझ्या दाढीच्या सामानाजवळ फळीवर ठेवलाय. डागाची खबर गावभर झालीच आहे, तरी दुसरं स्थळ येईल. आलं की पोहे नंतर. आधी हा डबा दाखवीन, मग पोरगी. कोणाला उठून जायचं असेल त्यानं तेव्हाच जावं, पोहे तरी वाचतील.