जावईबापू, हलू नका!

आयर्लंडमधल्या आमच्या गॉलवे गावात धडधाकट माणसाला दोन तास खुर्चीत गप्प बसवण्याची ताकद दोघांकडेच आहे, एक दातांचा डॉक्टर आणि दुसरे आमचे काका. त्यातला डॉक्टर निदान भूल तरी देतो. काका म्हणजे माझ्या बायकोच्या मावशीचे यजमान. बावीस वर्षांपूर्वी मावशी इथल्या इस्पितळात नर्स म्हणून आली आणि तिच्या पाठोपाठ, सांगलीतली चित्रकला शिक्षकाची कायम नोकरी सोडून, हे आले. तेव्हापासून ते माणसं काढतात. फक्त माणसं. दारात समुद्र आहे, राजहंस आहेत, दर दहा मिनिटांनी रंग बदलणारं आभाळ आहे. लोक कुठून कुठून ते रंगवायला येतात. काकांनी आजवर एक ढग काढलेला नाही. "ढगाला काय विचारू? मुलंबाळं कशी आहेत म्हणून?" असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या चित्रातला माणूस कायम बसलेला असतो, त्याचे पंजे सुपाएवढे असतात आणि कातडीचा रंग गेरूचा. मी एका कंपनीत हृदयात बसवायचे स्टेंट तपासतो, चुका काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, तेव्हा या पंजांचा विषय मी दरवेळी काढतोच. काका ऐकून न ऐकल्यासारखं करतात. आमचा लाल केसांचा, दुधासारखा गोरा पोस्टमनही त्यांच्या कॅनव्हासवर थेट उसाच्या फडातून उठून आल्यासारखा दिसतो. स्वतःचं चित्र बराच वेळ न्याहाळून तो म्हणाला होता, "दॅट्स ग्रँड. अँड हू इज युअर मॅन?" हा गृहस्थ कोण, अशी त्याची निरागस चौकशी. काका आठवडाभर खूश होते. फोटोवरून चित्र काढा म्हटलं की मात्र त्यांचा पारा चढतो. आमच्यातल्या एका आयटीवाल्याने मुलीचा फोटो फोनवर पाठवला, तर उत्तर गेलं, "रविवारी दोन वाजता पाठवा. फोटो नव्हे, मुलगी." आणि एकदा का खुर्चीत बसलात की "जावईबापू, हलू नका!" मला एकदा शिंक आली, तर मानेचा कोन गेला म्हणून त्यांनी त्या दिवसापुरते ब्रश धुवून टाकले.

मावशी होती तोवर ती खुर्ची रिकामी नसायची. वॉर्डातल्या नर्सेस, पोर्टर, बरे झालेले पेशंट, ज्याला त्याला ती पोह्यांची लालूच दाखवून घरी धाडायची. गेल्या वर्षी ती गेली आणि माणसं यायची थांबली. कुणी वाईट नाही हो, पण दोन तास आहेत कुणाकडे? खाटीक "नेक्स्ट वीक, प्लीज गॉड" म्हणाला, म्हणजे देवाची मर्जी असेल तर पुढच्या आठवड्यात, त्याला चार महिने झाले. दर रविवारी काका रंग काढून, खुर्चीचं तोंड खिडकीकडे करून संध्याकाळपर्यंत वाट बघतात, हे मला त्यांच्या शेजारणीकडून कळलं. मी वीस मिनिटांवर राहतो. मला फार लाज वाटली.

लाज वाटली की माणूस नको तो शहाणपणा करतो. काकांच्या घरात मावशीचा फोटो नव्हता. आपल्याकडे माणूस गेलं की दिवस व्हायच्या आत फ्रेम भिंतीवर चढते. इथे भिंतीवर पोस्टमन, शेजारीण, सुपाएवढ्या पंजांचा मी. मावशी कुठेच नाही. वर्षश्राद्धाच्या दिवशी मी बायकोच्या फोनमधला मावशीचा हसरा, युनिफॉर्ममधला फोटो मोठा करून, फ्रेम करून, चंदनाचा हार घालून नेला. वर म्हणालो, "काका, आता यावरून तरी मावशीचं एक चित्र काढा." बायकोने कोपराने ढोसलं, पण तोंडातून जायचं ते गेलं होतं.

काका भडकले नाहीत. फ्रेम उजेडात धरून बघत राहिले. "छान आलाय फोटो. पण ही थांबलेली नाही हो. टाच बघा, उचललीय. ड्यूटीला निघालीय." मग खाली बसले. "इतक्या वर्षांत एकदाच बसली माझ्यासमोर. नाईट करून आली होती. दहा मिनिटांत मान कलली, घोरायला लागली. मी ओरडलो, मॉडेलनं झोपायचं नसतं म्हणून. बिचारी सॉरी म्हणाली नि भात टाकायला गेली. पुन्हा मी कधी बस म्हटलं नाही." त्यांनी बाहीने काच पुसली. "तशीच काढायला हवी होती, जावईबापू. झोपलेलीच." बायको उठून चहा करायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

तेव्हापासून रविवारी मी जातो. फोन बाहेर कोटाच्या खिशात ठेवतो आणि बसतो. परवाच्या रविवारी आठवड्याचा शीण होता, खिडकीतून ऊनही आलं होतं, आणि माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा अंगावर मावशीची शाल होती आणि कॅनव्हासवर ब्रश भराभर चालल्याचा आवाज येत होता. आता ओरडा बसणार म्हणून मी दचकून सरळ होऊ लागलो.

"झोपा, झोपा," काका अगदी हळू म्हणाले. "थोडंच राहिलंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नव्हतं. मला झोप मुळीच उरली नव्हती. मी मान पुन्हा तशीच कलती केली आणि डोळे मिटून घेतले.