व्यवसाय : शेती

फॉर्म हातात आला की तात्या तो खालून वर वाचायचे. आधी सहीची जागा शोधायची, तिथं पेन्सिलीनं बारीक फुली मारायची, मग एकेक रकाना चढत वर यायचं. मी एकदा म्हटलं, तात्या, सगळं जग वरून वाचतं. तर म्हणाले, "बाई, माणूस सापडतो सहीपाशी. वर नुसती चौकशी असती."

मला ते तेव्हा कळलं नाही. आता कळलंय असंही नाही.

नव्वद सालानंतरची काही वर्षं मी बारामतीत एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून होते. शेतकी शिकायला परदेशातून आलेली सात-आठ मुलं आमच्याकडे असायची, बहुतेक आफ्रिकेतली. त्या काळी एक नियम होता. परदेशी माणूस इथं काही महिन्यांहून जास्त राहिला, तर परत जाताना त्याला इन्कम टॅक्सचा दाखला लागायचा, की बाबा, यानं इथं काही कमावलेलं नाही, सरकारचं याच्याकडं काही येणं नाही. दाखला नसेल तर विमानात बसू देत नसत. तो पुण्याहून आणायचा आणि घरून आलेले पैसे बँकेत बदलल्याच्या पावत्या त्याला जोडायच्या. वसतिगृहातलं पोर पावत्या जपून ठेवील होय? मुलं माझ्या टेबलाशी येऊन उभी राहत. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे, म्हणून मी त्यांच्यावरच चिडत असे.

तात्या आले ते पुतणीच्या कसल्याशा दाखल्यासाठी. मूळचे लासुर्ण्याचे, साखर कारखान्याच्या ऑफिसात उभा जन्म कारकुनी करून नुकतेच निवृत्त झालेले. माझ्यासमोर एक सुदानचा मुलगा फॉर्म धरून घाम पुसत उभा होता. तात्यांनी कुणालाही न विचारता तो फॉर्म त्याच्या हातातून काढून घेतला, चष्मा पुसला आणि व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले. पुतणीचं काम विसरूनच गेले. तिथून पुढं दर बाजाराच्या दिवशी लासुर्ण्याहून एसटीनं येऊन ते त्या बाकावर बसू लागले. कुणी बोलावलं नव्हतं. पैसा घेणं तर सोडाच, मुलांचा चहासुद्धा घेत नसत. "शिकणाऱ्याचा च्या प्यायचा न्हाय," म्हणायचे. माझा मात्र दोनदा प्यायचे.

त्यांचं इंग्रजी सगळं फॉर्मातलं. मुलगा दिसला की "फादर्स नेम?" हाच नमस्कार. निरोप घेताना "परमनंट ॲड्रेस" म्हणून त्याच्या पाठीवर थाप मारायचे. मुलांनाही ते समजायचं. काय समजायचं, ते मला विचारू नका. त्यांच्या मंडळींनी, म्हणजे आम्ही सगळे ज्यांना काकी म्हणायचो त्यांनी, युरियाच्या रिकाम्या गोण्या धुऊन प्रत्येक मुलाला पावत्या ठेवायला एकेक पिशवी शिवून दिली होती. काळीसावळी उंच पोरं गळ्यात युरियाची पिशवी अडकवून बँकेत निघालेली बारामतीनं पाहिली आहेत.

त्यातला केनियाचा मुलगा तात्यांचा खास. चार वर्षांत तो लासुर्ण्याचं मराठी बोलायला शिकला होता. रविवारी तात्यांच्या घरी जेवायला जायचा. त्याच्या घरी मक्याची शेती. बापामागं आईनं एकटीनं ती केली, हे तो मला इतक्या वेळा सांगायचा, की मी कधीकधी ऐकत नसे.

परीक्षा संपली आणि त्याला तार आली. आई गंभीर, लगेच निघ. कुठून कुठून पैसे गोळा होऊन चार दिवसांनंतरचं मुंबईहून विमानाचं तिकीट मिळालं. तात्यांनी त्याच दुपारी व्हरांड्यात बसून फॉर्म भरला. मुलगा शेजारी बसून नुसता गुडघे हलवत होता. फॉर्म माझ्यापुढं आला. कॉलेजचा शिक्का मारण्यापूर्वी तो वाचायचा, हे माझं काम होतं. मी म्हटलं, तात्यांनी भरलाय, त्यात काय वाचायचं? आणि शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी दोघं पुण्याला गेले. तिथल्या साहेबांनी फॉर्म पाहून विचारलं, याची जमीन कुठं आहे? कुणाच्या नावावर? परदेशी माणूस आपल्या देशात शेती कशी करतो?

झालं होतं असं, की व्यवसायाच्या रकान्यात तात्यांनी 'शेती' लिहिलं होतं आणि उत्पन्नाच्या रकान्यात 'शेतीचे, करमाफ'. आमच्याकडं कुणाच्याही फॉर्मवर दुसरं काय लिहितात? तात्यांनी जन्मभर हजारो फॉर्मवर तेच लिहिलं होतं. शेती म्हटलं की टॅक्सवाला पुढं विचारत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मन त्या तारेत अडकलेलं, हात आपला नेहमीचं लिहून गेला. आणि त्या पोराला तर इथं कमावायचीच परवानगी नव्हती. त्यावर माझा शिक्का.

साहेबांचंही चुकलं असं मला म्हणता येत नाही. चौकशी करणं त्यांना भागच होतं. तात्यांनी तिथंच कागद मागून लिहून दिलं, की चूक माझी, मुलाचा काही संबंध नाही. कॉलेजचं पत्र लागलं, ते मी टाइप केलं, प्राचार्य गावाला गेले होते म्हणून सहीला एक दिवस गेला. दाखला सहाव्या दिवशी मिळाला. तिकिटाची तारीख टळली होती. मुलगा गेला तो त्यानंतरच्या आठवड्यात. एसटीत बसताना तो तात्यांच्या पाया पडला आणि तात्यांनी पाय मागं घेतले.

महिन्याभरानं ऑफिसच्या पत्त्यावर त्याचं इंग्रजी पत्र आलं. तो पोचण्याआधी दोन दिवस आई गेली होती. कुणालाही दोष दिलेला नव्हता. उलट माझे आभार मानले होते, ते वाचून मला टेबलाशी बसवेना.

बाजाराचा दिवस आला. तात्या आत आले, उभ्याउभ्यानंच म्हणाले, "पोरगं पोचलं का, बाई?"

मी म्हटलं, पोचला.

"येळेत?"

मी हो म्हणून गेले. का म्हटलं? त्यांच्यासाठी, की माझ्या शिक्क्यासाठी? अजून ठरवता येत नाही. पत्र इंग्रजीत आहे, त्यांना वाचता यायचं नाही, एवढं मात्र त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं होतं. लाज वाटते सांगायला.

एकदा बोलून चुकले, मग सुटका नाही. पुढच्या आठवड्यात, आईनं त्याला काय खाऊ घातलं? मी म्हटलं, मक्याची भाकरी. मग, उठून बसती का? बसते. चालती का? अंगणात चालते. पत्रं कुठली येतायत, मी आपली दर आठवड्याला एक पत्र मनानंच रचत होते. त्या बाईला मी बरी केली, शेतात नेली, मका काढायला लावला. तात्या डोळे मिटून ऐकायचे. मध्येच अडवायचे, "तिला ऊन सोसंल का?" मग मी तिला झाडाखाली बसवायची. फॉर्मला मात्र त्यांनी पुन्हा हात लावला नाही. नवी मुलं यायची, त्यांना माझ्याकडं बोट दाखवायचे. म्हणून मीच शिकले. ओळ न् ओळ वाचायला लागले.

असं वर्षभर चाललं. मग एका बाजाराला ते आले नाहीत, पुढच्याही नाही, आणि कळलं, की छातीत कळ येऊन गेले. मी दहाव्याला लासुर्ण्याला गेले. बायकांची गर्दी ओसरल्यावर काकींनी मला आत बोलावलं आणि ट्रंकेतून एक पाकीट काढून दिलं. परदेशी तिकिटं. आत वहीचा कागद, त्यावर मोठ्या वाकड्यातिकड्या मराठी अक्षरांत तीन ओळी : तात्या, मी घरी आला. आई दोन दिवस आदी गेली. तुमी रडू नका.

तारीख मला ऑफिसात आलेल्या पत्राचीच होती.

तात्यांना माहीत होतं? मग माझ्याकडं येऊन ते विचारायचे, ते काय? काकी पदरानं पाकीट पुसत होत्या.

"तुमाला कसं सांगावं कळंना," त्या म्हणाल्या. "पर तुमच्याकडनं त्या माउलीचं ऐकून आलं, की त्या दिवशी तेवढं ह्ये पोटभर जेवायचं."