हात न लावणारे वस्ताद सर

हातांनी काम कसं करायचं हे शिकवायला आमच्या शाळेत एक सर होते आणि त्यांचे स्वतःचे दोन्ही हात कायम पाठीमागे असत. उजव्या हाताने डावं मनगट घट्ट धरलेलं, सोडलं तर पळून जाईल असं. समोर एखादं पोरगं स्क्रू उलटा पिळत असायचं, कुणी वायर सोलता सोलता आतली तांब्याची तारच कापून टाकायचं. सर नुसते वाकून बघत. चेहरा असा कळवळलेला की तार नव्हे, त्यांचं बोटच कापलं गेलंय. पण हात काही सुटायचे नाहीत. "कर बेटा, कर. मी हाय ना हितं," एवढंच म्हणायचे.

त्यांना सगळं देगलूर वस्ताद म्हणायचं. जुन्या बसस्टँडजवळ त्यांच्या वडिलांपासूनचं मोटर बांधायचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान होतं. शाळेत आल्यावर सर म्हणणं भाग होतं, म्हणून आम्ही दोन्ही जोडून वस्ताद सर करून टाकलं. नववीला आमच्याकडे मल्टी स्किल नावाचा नवा विषय आला होता. थोडं वेल्डिंग, थोडी नळजोडणी, थोडं वायरिंग, थोडी शेती, थोडा स्वयंपाक. वस्तादांनी नांदेडला आयटीआय केलेलं असल्यामुळे हा विषय शिकवायला त्यांना घेतलं. नेमणूक मात्र एकेका वर्षाची. दरवर्षी तपासणीचे साहेब येणार, शेरेबुकात शेरा लिहिणार आणि शेरा बरा असेल तर पुढच्या वर्षीचा कागद मिळणार. दुकान धाकट्या भावावर सोपवून ते रोज शाळेत यायचे. त्यांना गोडी होती ती सर या शब्दाची. बाजारात कुणी "सर, नमस्ते" म्हटलं की आधी शेजारच्याने ऐकलं की नाही ते बघायचे आणि मगच नमस्ते करायचे.

या विषयाला मुलं कशी मिळाली, तर ज्यांचं लातूरला जाणं संभवत नाही अशी सगळी हेडसरांनी गोळा करून इकडे घातली. हुशार पोरगं लातूरला, उरलेलं वस्तादांकडे, असा सरळ हिशेब होता. मी स्वतःहून गेले होते, पण त्यात शौर्य काही नाही. संस्कृतची रूपं पाठ होत नव्हती. आमचे बाबा मोंढ्यात अडतीचा धंदा करायचे आणि माझा भाऊ लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला होता. बाबा म्हणाले, "एक लेक डॉक्टर होऊन राहिलाय, अन् तू काय बल्ब बदलत फिरनार व्हय?" मला तर रूपांपेक्षा बल्ब बरे वाटत होते.

पहिल्याच आठवड्यात वस्ताद सरांचं आणि हेडसरांचं वाजलं. विषयाबरोबर ड्रिल मशीन, पकडी, पान्हे असं कपाटभर सामान आलं होतं आणि हेडसरांनी ते प्लॅस्टिकच्या पिशव्यांसकट कुलपात ठेवलं होतं. तपासणीला चकचकीत दिसलं पाहिजे, हा त्यांचा नियम. वस्तादांनी चावी मागून घेतली, आम्हा तीस जणांना कपाटापुढे उभं केलं आणि सांगितलं, "फाडा." लग्नातल्या आहेरावर पडावं तसे आम्ही पिशव्यांवर पडलो. हेडसर धावत आले तेव्हा जमिनीवर प्लॅस्टिकचा ढीग होता आणि एका पोराने ड्रिलने बाकाला भोकही पाडलं होतं. "वस्ताद, हे खराब झालं तर?" हेडसरांचा आवाज रडवेला. वस्ताद शांतपणे म्हणाले, "हेडसर, खराब व्हायलाच आनलंय ना ते."

ते शिकवायचे मराठीत, रागवायचे उर्दूत आणि चुकून झटका बसला तर ओरडायचे तेलुगूत. मिरची तेलात टाकल्यासारखी ती तेलुगू एकदम तडतडायची. आम्हाला त्यातलं अक्षर कळत नसे, पण अर्थ विचारायची हिंमतही कुणी केली नाही. शिकवणं म्हणजे तरी काय, तर प्रश्न. "मेन बंद केला का? टेस्टर लावलास का? अन् ही लाल वायर कुठं चालली, विचार तिला." घाई करणाऱ्याला त्यांचं एक ठरलेलं वाक्य असे, "घाई लाईटीला हाय बेटा, आपल्याला न्हाई."

दर गुरुवारी घरून बिघडलेली वस्तू आणायची, असा त्यांनी रिवाज पाडला. अख्ख्या गावाची अडगळ शाळेत येऊ लागली. आम्ही दुरुस्त केलेला मिक्सर एका काकूंकडे परत गेला, तो चालू होई, पण बंद होत नसे. शिक्षकांच्या खोलीतला पंखा आमच्या गणपतने बांधला. पंखा फिरायचा झकास, फक्त उलटा. सगळा वारा छताला. गणिताचे सर घाम पुसत म्हणाले, "वारा पाहिजे तर आम्ही काय पंख्याच्या वर जाऊन बसावं?" दुकानात वस्तादांनी असले पंखे चहा पिता पिता सुलटे केले असते. इथे मात्र म्हणाले, "ज्यानं उलटा फिरवला, तोच सुलटा करंल." गणपतला चार दिवस लागले. चार दिवस गणिताचे सर वहीने वारा घेत होते.

मी एकदा न राहवून विचारलं, "सर, तुम्हीच का नाही करून दाखवत?" तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "बारा वर्सं अब्बांच्या दुकानात बसलो मी. पान्हा उचलला की अब्बा हिसकून घ्यायचे. दे इकडं, तुला न्हाई जमायचं. लई चांगला कारागीर मानूस. अब्बा गेले, तवा दुकानात सात मोटरी खोललेल्या पडल्या होत्या अन् मला एक बी बांधता येत नव्हती. गिऱ्हाइकं येऊन आपापल्या मोटरी पोत्यात भरून घेऊन गेली. आयटीआय केलं ते त्यानंतर." मग ते उठून नळाच्या टेबलाकडे गेले. त्या दिवसानंतर त्यांच्या पाठीमागच्या हातांना मी कधी हसले नाही.

तपासणी आली ती शनिवारी, सकाळच्या शाळेला. आदल्या दिवशी हेडसरांच्या खोलीतला स्विचबोर्ड आम्ही नवा बसवला होता. त्यात पंख्याचं बटण होतं आणि शाळेच्या घंटीचंही. वायरी जोडायचं काम माझं. जोडून झाल्या आणि नेमकी लाईट गेली, त्यामुळे तपासून बघणं राहिलं. शनिवारी सकाळी शिपाई मामांनी घंटीचं बटण दाबलं तर घंटी गप्प; वर बघायचं काही त्यांना सुचलं नाही. त्यांनी आपला जुना लोखंडी तुकडा बडवून शाळा भरवली. वस्ताद सरांनी बोर्ड उघडून एक नजर टाकली आणि त्यांना सगळं कळलं. हेडसर हात जोडून म्हणाले, "वस्ताद, दोन मिनटांचं काम हाय. आज तरी करून टाका. तुमच्या पुढच्या वर्साचा प्रश्न हाय." वस्ताद म्हणाले, "कळतंय हेडसर. पन पोरीनं जोडलंय, पोरगी शोधंल. तिसऱ्या तासाला बोलावतो."

साहेब दुसऱ्याच तासाला आले. घामाघूम झाले होते. हेडसर म्हणाले, "मामा, पंखा लावा." मामांनी पंख्याचं बटण दाबलं आणि घंटी सुरू झाली. पंखा जागचा हलेना, म्हणून मामांनी बटण बंद केलं, पुन्हा लावलं, पुन्हा बंद, पुन्हा लावलं. शनिवारी एवढी लांब घंटी म्हणजे सुट्टी. पाच मिनिटांत सहाशे पोरं फाटकाबाहेर होती. कोणालाच शंका आली नाही, मलाही नाही. मी दप्तर घेऊन मोंढ्याच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचले तेव्हा मागून मामा सायकलवर आले आणि म्हणाले, "चल, तुला वस्तादांनी बोलावलंय. शाळेत आता फकस्त सायेब हाय."

खोलीत गेले तर साहेब खुर्चीत, हेडसर दारात आणि वस्ताद सर बोर्डाजवळ, हात मागे. मी घाईघाईने बोर्डाच्या स्क्रूला हात घातला. वस्ताद एवढंच म्हणाले, "सबर कर. मेन बंद केला का?" मी मेन बंद केला, बोर्ड उघडला आणि मला काहीच दिसेना. सगळ्या वायरी सारख्याच. दहा मिनिटं झाली, वीस झाली. साहेबांचा चहा निवला. ते चिडून म्हणाले, "अहो, तुम्हाला माहीत आहे ना? मग करा की!" वस्तादांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, तो पुसायलासुद्धा त्यांनी हात सोडला नाही. म्हणाले, "सायेब, सापडंल तिला." मी त्यांच्याकडे बघितलं, ते बोर्डाकडे बघत होते. मग मी एकेक वायर बोटाने धरून तिच्या टोकापर्यंत गेले. दोन वायरींची अदलाबदल झाली होती. पंख्याच्या जागी घंटी, घंटीच्या जागी पंखा. मी त्या बदलल्या, मेन लावला, बटण दाबलं. पंखा फिरला, आणि सुलटा फिरला. चाळीस मिनिटं लागली होती. वस्ताद सरांनी डोळे मिटून घेतले.

साहेबांनी शेरेबुक मागवलं आणि लिहिलं, "प्रशिक्षक स्वतः काहीही करत नाहीत. सर्व कामे विद्यार्थ्यांकडून करून घेतात."

पुढच्या वर्षीचा कागद आला नाही. निरोपाला त्यांना शाल-नारळ दिला तेव्हा मी मुलींच्या रांगेत हमसून रडले. चूक माझी आणि नोकरी त्यांची गेली, हे मला आजही सलतं. मी तसं त्यांना म्हटलंही. ते म्हणाले, "काहून रडतीस? तू चुकली अन् तूच शोधली, संपलं." नंतर आलेल्या सरांनी सगळं सामान पुसून कुलपात ठेवलं. ते फार व्यवस्थित होते.

मी पुढे इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आणि गेल्या वर्षी नांदेडला एका आयटीआयमध्ये शिकवायला लागले. नेमणुकीचं पत्र घेऊन देगलूरला दुकानात गेले. वस्ताद सर आता थकलेत, पण दोन मुली आणि एक मुलगा त्यांच्यासमोर मोटर बांधत बसले होते. गल्ल्यामागच्या भिंतीवर एक लॅमिनेशन केलेला कागद होता. जवळ जाऊन वाचला. शेरेबुकाच्या त्या पानाची झेरॉक्स. मी म्हटलं, "सर, हे कशाला लावलंत?" तर म्हणाले, "माझं सर्टिफिकेट हाय ते. हेडसरकडून मागून आनलं."

मग त्यांनी माझं पत्र हातात घेतलं, चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचलं, घडी घालून परत दिलं आणि डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझ्या बी शेरेबुकात असंच लिहून येऊ दे, बेटा."