चंद्रा धवलारणीचा स्वतःचा धवला

रेवदंड्याच्या कोळीवाड्यात लग्न ठरलं की पहिलं बोलावणं चंद्राबाईला जायचं, भटजीला मागाहून. मांडव घालण्यापासून वरातीपर्यंत एकेका विधीचं एकेक गाणं, त्याला धवला म्हणायचं, आणि ते गाणारी ती धवलारीण. चंद्राबाईनं तोंड उघडल्याशिवाय नवरीच्या गालाला हळद लागत नसे. सत्तेचाळीस साली ती सासूच्या मागे उभी राहून पहिल्यांदा गायली. पुढच्याच वर्षी नवरा तापानं गेला, पण मांडव काही सुटला नाही. धवलारणीला सवाष्ण की विधवा हे इथं कुणी विचारत नसे. बाजारात सुके बोंबील विकायचे, लग्नसराईत गायचं, असं तिचं एकटीचं घर ऐटीत चाललं होतं.

धवल्यात नवरी बोलते, नवरीची आई बोलते, हळद बोलते, मांडवाची मेढसुद्धा बोलते. धवलारीण मात्र त्यात कुठंच नसते. चंद्राबाईनं अकरा वर्षांत शेकडो पोरींच्या तोंडचं सुखदुःख गायलं, स्वतःचं एक अक्षर नाही. तिला त्याचं काही वाटतही नव्हतं.

वाटायला लागलं ते अठ्ठावन्न साली, सत्यवतीबाई आल्या तेव्हा. या मुंबईच्या कॉलेजात फ्रेंच शिकवायच्या आणि शेजारच्या चौलला मावशीकडे सुट्टीला आल्या होत्या. फ्रान्स देशातल्या सात-आठशे वर्षांपूर्वीच्या गाण्यांचा त्यांचा अभ्यास होता. कागदावरची गाणी वाचून कंटाळले, जिवंत गाणं ऐकू दे, म्हणून वही घेऊन त्या चंद्राबाईच्या ओट्यावर येऊन बसत.

"तुमच्या त्या गान्यांत काय हाय?" बोंबील निवडता निवडता चंद्राबाईनं विचारलं.

"प्रेम. कवी एका बाईवर जीव टाकतो. ती दुसऱ्याची बायको, मोठ्या घरची. तिचं खरं नाव घ्यायचं नाही. ती मालकीण, हा चाकर. मी झुरतो, मी जागतो, मी मरतो, असं गात राहायचं."

"आनि ती काय बोलते?"

"ती बहुतेक काहीच बोलत नाही."

"बघा! ह्यो एकटाच मी मी करतो. तिला कुनी इचारलंच न्हाय."

सत्यवतीबाई खळखळून हसल्या. मग म्हणाल्या, "पण त्या देशाच्या दक्षिणेला काही बायका होत्या. थोड्याच, वीसेक असतील. त्यांनी स्वतः गाणी रचली. मला हा माणूस हवा, असं त्या सरळ सांगतात. कुणाकुणाची नावंही राहिलीत."

"आठशे वर्सं नाव राहिलं?"

"राहिलं."

चंद्राबाईचे हात बोंबलांत तसेच राहिले. कारण तिलाही एक माणूस हवा होता. हरेश्वर. बायको जाऊन सहा वर्षं झालेला, स्वतःच्या होडीवर जाणारा, अंगानं आडवा आणि स्वभावानं गोगलगाय. चार वर्षं होडी किनाऱ्याला लागली की तो तिच्या ओट्यावर एक पापलेट ठेवायचा आणि चोरासारखा पळायचा. सगळा कोळीवाडा बघत होता. कोळीवाड्याला काय, फुकटचा तमाशा.

दुसऱ्या दिवशी पापलेट ठेवून तो वळला, तशी तिनं हाक मारली.

"चार वर्सं मासं ठेवतोस. तोंड हाय का न्हाय तुला?"

"हाय," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "तुमच्यासमोर चालत न्हाय."

"बरं, मंग मी बोलतंय. आपन पाट लावूया."

हरेश्वर मटकन ओट्यावर बसला. होकार आणखी वेगळा काय द्यायचा?

पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. त्याला जातीत मनाई नव्हती. पण रीत अशी, की पाट रात्री लावायचा, मागच्या पडवीत, चार माणसांत. ढोल नाही आणि धवला तर नाहीच. चंद्राबाई कोळीवाड्याचा पाटील धर्माजी याच्याकडे गेली आणि उभ्या उभ्या सांगून आली, "पाट भर दुपारी लागेल, अंगनात. धवला मी म्हननार."

धर्माजी वाईट माणूस नव्हता, नुसता रीतीचा होता. तो शांतपणे म्हणाला, "म्हन की. पन त्या दिवसापासून गावातल्या एकाबी मांडवात तुला बोलावनं येनार न्हाय."

घरी येताना तिच्या मनात एकच घोळत होतं. बोंबील कुणीही विकेल, पण गाणं गेलं तर चंद्रा म्हणून उरेल काय? ती घाबरली, खरोखर घाबरली.

हरेश्वरला सगळं कळलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो आपणहून बोलला. "रातीच लावूया. गानं सुटलं तर तुमी राहनार कुठं?"

या एका वाक्यानं तिची भीती पळाली. ज्याला हे कळतं, त्याच्याशी चोरून लग्न करायचं? "आनि अंधारात लागला तर मी कुठं राहीन?" ती म्हणाली. "दुपारीच."

त्या दुपारी अंगण माणसांनी भरलं. निम्मी नुसती बघायला आलेली. धर्माजी काठी घेऊन पुढे बसला होता, शेजारी त्याची ऐंशी वर्षांची आई भागुबाई. सत्यवतीबाई वही मिटून कोपऱ्यात बसल्या होत्या. चंद्राबाईनं पदर खोचला आणि आवाज लावला.

"मी चंद्रा गो, माझ्या तोंडान सांगतंय,
हरेश्वराला माझ्या मनान मागतंय."

धवल्याची ओळ धवलारणीनं म्हणायची आणि बाकीच्या बायांनी उचलायची, तेव्हा ती पुरी होते. कुणी उचलली नाही. सगळ्या धर्माजीच्या तोंडाकडे बघत राहिल्या. चंद्राबाईनं ओळ पुन्हा म्हटली. तिसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज कापला, पण तिनं ओळ सोडली नाही.

तेवढ्यात फाटक्या, म्हाताऱ्या आवाजात कुणीतरी ओळ उचलली. भागुबाई. धर्माजीचा बाप हा तिचा दुसरा नवरा. साठ वर्षांपूर्वी तोही पाट असाच मागच्या पडवीत, दिवा झाकून लागला होता. गावात सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि कुणी कधी बोललं नव्हतं.

"आये," धर्माजी हळूच म्हणाला.

"गप ऱ्हा. तुज्या बापाला मी बी माझ्या मनानच मागितला व्हता." मग ती चंद्राबाईकडे वळली. "पोरी, थांबू नको. आता पुढची ओळ माझ्या नावान म्हन. माझ्या पाटाला कुनी धवला म्हटलाच न्हाय गो."

धर्माजीनं काठी खाली ठेवली. चंद्राबाईनं डोळे पुसले, आवाज लावला आणि भागूचं नाव घेतलं. या वेळी ओळ सगळ्या अंगणानं उचलली.