साळूमावशीचं मागणं

परतूर स्टेशनापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आमचं गाव, आणि गावाच्या पूर्वेला आमची वस्ती. लोक तिला मांगवाडा म्हणत. आम्ही बाप्तिस्मा घेतला तरी म्हणतच राहिले. राज्य निजामाचं, गाव रामराव पाटलांचं आणि आमच्या वाट्याला अंबाडीचे दोर. मी या वस्तीत आले ती बद्रीनाथ मास्तरांची बायको होऊन. मास्तर मिशननं नेमलेले. रविवारी प्रार्थना घ्यायची, पोरांना अक्षरं शिकवायची आणि फादर आले की त्यांच्या पुढं पुढं करायचं, ही त्यांची कामं. त्यातलं शेवटचं त्यांना सगळ्यात छान जमायचं. नवऱ्याबद्दल असं बोलू नये, पण आता त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, आणि असते तरी हसलेच असते.

साळूमावशी ही मास्तरांची सख्खी मावशी. नवरा लवकर गेलेला, मच्छिंद्र हा एकुलता एक मुलगा. मायलेकं दिवसभर दोर वळायची. दोर काही एकट्यानं वळत नाही. एकानं पीळ द्यायचा, दुसऱ्यानं टोक ताणून धरून मागं मागं सरकायचं. ते करता करता दोघं जपमाळेची प्रार्थना म्हणायची. 'नमो मरिया'चा पहिला अर्धा भाग मावशीचा, दुसरा मच्छिंद्रचा. हातात माळ धरायला हात मोकळे कुठं होते! किती झाल्या ते मावशी अंदाजानं ठरवायची, आणि मास्तर म्हणायचे की मावशीच्या हिशेबानं चाललं तर देवाला नेहमी दोन-चार जास्तच मिळतात.

आमच्याकडं यायचे ते क्लेमेंत फादर. वर्षातून तीन-चार वेळा औरंगाबादेकडून आगगाडीनं यायचे, पुढं दमणीनं, म्हणजे छोट्या बैलगाडीनं. उंच, गोरे, उन्हानं लालबुंद झालेले, बोलणं पुस्तकातलं आणि राग नाकाच्या शेंड्यावर. एकदा मिस्सेच्या, म्हणजे फादर वेदीपुढं घेतात त्या मोठ्या प्रार्थनेच्या, वेळी मास्तर घंटी वाजवायला विसरले, तर फादर असे कडाडले की बाहेर बांधलेल्या शेळ्यांनी दावी तोडली. पण कुणी आजारी पडलं की हाच माणूस रात्रभर उशाशी बसायचा, हेही सांगितलं पाहिजे.

एका उन्हाळ्यात मिस्सा झाल्यावर फादर म्हणाले, "तुमच्यापैकी कुणीतरी धर्मगुरू व्हावा म्हणून देवाकडे मागत जा. आणि माझ्यासाठीही मागा. मी पवित्र व्हावं म्हणून प्रार्थना करा."

पहिलं सगळ्यांना कळलं. आमच्या वस्तीतून फादर होण्यासारखा होता एकच, मच्छिंद्र. सतरा-अठरा वर्षांचा, मिस्सेची लॅटिन उत्तरं त्याला तोंडपाठ, आणि मिशनच्या शाळेत जाऊन पुढं फादर व्हायचं हे त्यानं मनाशी धरलेलं. फादरांनीही दिवाळीनंतर न्यायचं कबूल केलं होतं. दुसरं मागणं मात्र कुणाच्या पचनी पडेना. आमच्याकडं गोसावी आला की आपण त्याच्या पाया पडायचं, तो आपल्याला आशीर्वाद देणार. गोसाव्यासाठी कुणी कधी देवाकडं मागतं का? फादर दमणीत बसून गेले आणि वस्तीत कुजबुज सुरू झाली. यांच्या हातून नक्कीच काहीतरी वंगाळ घडलंय, त्याशिवाय आपल्यासारख्यांपुढं कोण पदर पसरेल?

"मला इचाराल तर दृष्ट लागली त्यायला," तुळजाबाई म्हणाली. तिचं घर आमच्या घराला लागून, आणि तिची जीभ सगळ्यांच्याच घराला लागून. पुढच्या खेपेला फादर अंघोळीला गेले तेव्हा तिनं त्यांच्या टोपीवरून मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. "बघा, ठसका लागला का? न्हाई ना? मंग!" आता तिचं खरं मानायचं की आमच्या पडक्या भिंतीतून धूर बाहेर नेणाऱ्या वाऱ्याचं, तुम्हीच ठरवा.

साळूमावशी तेवढी त्या कुजबुजीत नव्हती. फादरांनी मागणं केलं त्याच्या तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "सूनबाई, त्याची माय कुठं तिकडं समुद्रापल्याड. बायको न्हाई, बहीण न्हाई. त्याच्यासाठी कोण मागून राह्यलं? कुणीच न्हाई. मंग आपणच मागायला पाहिजे." त्या दिवसापासून दोर वळताना ती फादरांचं नाव घेऊ लागली.

मग पोळा आला. पोळ्याला गावच्या बैलांना नवे कासरे आणि म्होरक्या आमच्या वस्तीनं द्यायच्या, आणि पाटलांच्या बैलांपुढं हलगीही आमच्यातल्यानंच वाजवायची. घरटी पाळी असायची. त्या साली पाळी मच्छिंद्रची होती. पाळी चुकली तर सुगीला खळ्यावरचं धान्य बंद, आणि ते एका घराचं नव्हे, सगळ्या वस्तीचं. फादरांची सक्त ताकीद होती की मारुतीच्या देवळापुढं वाजवायला जायचं नाही. मच्छिंद्रनं विचार केला आणि तो गेला. वस्तीनं वर्षभर खायचं काय, हे त्याला दिसत होतं.

फादर नेमके दुसऱ्या दिवशी आले. कुणी सांगितलं ते मला माहीत आहे. पण मास्तरांना आता आणखी किती बोलू? मिस्सेला मच्छिंद्र नेहमीसारखा वेदीजवळ येऊन उभा राहिला. फादरांचा चेहरा आणखी लाल झाला. "तू जा, तुझी हलगी वाजव! या वेदीला हात लावू नकोस. तू कसला धर्मगुरू होणार!" सगळ्या वस्तीसमोर बोलले. मच्छिंद्रनं हातातली घंटी खाली ठेवली आणि तो बाहेर गेला. मला इतका राग आला की त्या दिवशी मी फादरांना भाकरी वाढली ती करपलेली.

मावशी काही त्यांना शिव्याशाप देत बसली नाही. मला वाटलं होतं, आता तरी तिचं मागणं थांबेल. ते दुपटीनं वाढलं. बदल एवढाच झाला की मच्छिंद्र उत्तर देईनासा झाला. दोराचं टोक धरून तो मुकाट मागं सरकायचा आणि 'नमो मरिया'चे दोन्ही अर्धे मावशी एकटीच म्हणायची.

दिवाळी आली आणि गेली. मच्छिंद्रला न्यायला कुणी आलं नाही, त्यानंही विषय काढला नाही. नाताळाच्या थोडं आधी एका दुपारी मी शेणी थापत होते. मावशी वाटेकडं पाठ करून पीळ देत होती, समोर मच्छिंद्र टोक धरून उभा. फादरांची दमणी नदीत अडकली होती म्हणून ते पायी चालत आले. मला दिसले, मच्छिंद्रला दिसले. त्यानं आईला खूण केली नाही, आणि खरं सांगते, मीही तोंड उघडलं नाही.

मावशी जोरजोरात बोलून राहिली होती, "मरियामाय, आमच्या फादरला चांगला कर. मानूस वाईट न्हाई, पर लई तापट हाय. तोंडाला येईल ते बोलतो आन् मंग मागं पाह्यत न्हाई. माझ्या लेकराला बोलला, त्याचं मला लागलं, ते तुला ठावं हाय. पर त्याचा कान धरायला त्याची माय हितं न्हाई. तूच धर. आन् जल्दी धर." मग तिनं 'नमो मरिया'चा पहिला अर्धा म्हटला, आणि दुसरा सुरू करायच्या आत तो मागून आला, फादरांच्या त्या पुस्तकी उच्चारात.

मावशीच्या हातून पीळ सुटला. फादरांनी टोपी काढली. उभा जन्म हुकूम सोडण्यात गेलेला तो माणूस मच्छिंद्रपुढं जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मी चुकलो. तू वस्तीच्या भाकरीसाठी गेलास, आणि मी विचारलंसुद्धा नाही. मला क्षमा कर. मी तुला न्यायला आलो आहे."

मच्छिंद्रनं हातातलं टोक सोडलं नव्हतं. "माफ केलं, फादर. राग न्हाई माझ्या मनात. पर आता मी येत न्हाई."

"का?"

"ती इच्छाच गेली. लई बोलावून पाह्यली, येईना. खोटं कशाला बोलू?"

"ती मी मोडली," फादर म्हणाले. तेव्हा मावशी रडली. नवऱ्याच्या मातीला मी नव्हते, पण सांगतात की तेव्हाही ती इतकी रडली नव्हती. "फादर," ती म्हणाली, "हेच आधी केलं असतं हो! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी केलं असतं!" फादर तिथंच जमिनीवर बसले. त्यांना उठवायला मास्तर धावले, तर मीच मास्तरांना हाताला धरून मागं ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीच्या अंगणातून पुन्हा तेच मागणं ऐकू आलं. मी तडक जाऊन विचारलं, "आता कशाला? काय राह्यलं मागायचं?" ती पीळ देता देता म्हणाली, "अगं, आत्ता तर कुठं सुदरायला लागलाय."

फादरांचा राग काही नाहीसा झाला नाही. पण आता तो चढला की ते वस्तीबाहेरच्या बाभळीपर्यंत चालत जायचे आणि परत येऊन आधी विचारायचे, काय झालं ते सांगा. हलगीची सक्ती सुटावी म्हणून ते पाटलांशीही बोलायला गेले. निष्पन्न काही झालं नाही, पण गेले. तुळजाबाई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा पुरातून पोहून आले आणि तिनं उतरवलेली दृष्ट कशी लागू पडली हे तिच्याच तोंडून ऐकून घेतलं. मच्छिंद्रचं लग्न त्यांनीच लावलं. दर खेपेला ते मच्छिंद्रच्या अंगणात बसायचे, आणि मायलेकं प्रार्थना म्हणायची. हो, मच्छिंद्रचा दुसरा अर्धा परत आला होता. फादर होण्याची इच्छा तेवढी आली नाही.

पोलीस ॲक्शनच्या आदल्या वर्षी क्लेमेंत फादरांबरोबर एक नवे तरुण फादर आले. शिकलेले, हसतमुख, प्रत्येकाची चौकशी करणारे. मावशी तेव्हा पार वाकली होती. मास्तरांनी मोठ्या कौतुकानं सांगितलं की ही बाई किती वर्षं फादर लोकांसाठी देवाकडं मागतेय. तरुण फादर सहजच म्हणाले, "मग आजी, या वस्तीतून किती फादर झाले?"

मास्तर खाली बघू लागले. मच्छिंद्र धाकट्या पोरीला कडेवर घेऊन दारातच उभा होता. मला वाटलं, या पोरसवदा फादरांच्या तोंडावर हात ठेवावा.

मावशीनं मच्छिंद्रकडं पाहिलं, मग खाटेवर बसून बशीत चहा ओतणाऱ्या क्लेमेंत फादरांकडं बोट केलं. "एक झाला की. ह्यो. आल्ता तवा नव्हता."

तरुण फादर गोंधळले. क्लेमेंत फादरांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "बरोबर आहे. आणि त्याची किंमत या मायलेकांनी दिली आहे."